नवऱ्याने मारले, पावसाने झोडपले : एका म्हणीला दिलेली उत्तरे

पदव्युत्तर वर्गाला लोकसाहित्य शिकवताना आम्ही दर वर्षी विद्यार्थ्यांना आपापल्या गावातून म्हणी गोळा करून आणायला सांगतो. शिरूर आणि दौंड या तालुक्यांतून येणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांत एक म्हण हटकून सापडते : नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागायची? ही म्हण काही या दोन तालुक्यांचीच नाही; ती महाराष्ट्रभर ऐकू येते आणि काही ठिकाणी तिच्यात नवऱ्याच्या जागी राजा असतो. परंतु या भागात ती ऐकताना एक विसंगती जाणवल्यावाचून राहत नाही. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे पाऊस झोडपत नाही, बहुधा हुलकावणी देतो. दौंडचा ऊस खडकवासल्याच्या कालव्यावर वाढला आणि शिरूरच्या शिवाराला चासकमान, कुकडी, घोड यांच्या पाण्याने हात दिला. जिथे पावसाची वाट पाहण्यातच पिढ्या गेल्या, तिथेही ही म्हण टिकली, याचा अर्थ तिचा खरा रोख पावसावर नाही.

म्हणीची करामत आहे ती तिच्या रचनेत. ती नवऱ्याचा मार पावसाच्या पंक्तीला नेऊन बसवते. व्याकरणदृष्ट्या 'नवऱ्याने' हा कर्ता वाक्यात स्पष्ट आहे; परंतु शेजारी पाऊस उभा केल्यामुळे त्याचे कर्तेपण विरून जाते. पावसाला कोणी जाब विचारत नाही. माराला कोणी करणारा उरत नाही, फक्त सोसणारी उरते, आणि प्रश्नही तिच्यापुढेच येतो : दाद कोणाकडे?

गेल्या दीडशे वर्षांत मराठी समाजाने या प्रश्नाला जी उत्तरे दिली, त्यांचा थोडक्यात मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे. ढोबळमानाने ही उत्तरे तीन आहेत. पहिले उत्तर आश्रयाचे, दुसरे कायद्याचे, आणि तिसरे म्हणजे मारणाऱ्याशी, किंबहुना उद्या मारू शकेल अशा तरुणाशी, बोलण्याचे. तिसरे उत्तर सर्वांत नवे समजले जाते. आमचे म्हणणे असे की ते सर्वांत आधी सुचले होते. त्याला वाट मात्र सर्वांत उशिरा मिळाली.

१८८२ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' प्रसिद्ध झाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरील बालहत्येच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला बुलढाण्याच्या या सत्यशोधक घराण्यातील लेखिकेने दिलेले ते उत्तर होते. ताराबाईंनी स्त्रियांना उपदेश केला नाही आणि सरकारकडे अर्जही केला नाही. त्या थेट पुरुषांशी बोलल्या. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण उचलायचा आणि तो पुरुषांत आहे की नाही, असे पुरुषांनाच विचारायचे, ही त्यांची पद्धत. 'तुलना' हे केवळ शीर्षक नव्हते, ती एक रीत होती. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून या पुस्तकाची पाठराखण केली. परंतु त्यानंतर ते जवळजवळ विस्मृतीत गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशित करेपर्यंत अभ्यासकांच्याही फारसे नजरेस आले नाही. पुरुषाला विचारलेला प्रश्न नव्वद वर्षे कपाटात राहिला.

त्याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढील वर्षी ते पुण्यात आले, आणि शतक सरता सरता रमाबाईंचे कार्य केडगावला स्थिरावले. केडगाव आजच्या दौंड तालुक्यात येते. त्या काळी तो मुलूख भीमथडी म्हणून ओळखला जाई. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतापर्यंत जाऊन रमाबाईंनी शेकडो मुली व स्त्रियांना आणले. विधवा, टाकलेल्या, फसवलेल्या, उपासमारीने रस्त्यावर आलेल्या अशा साऱ्याजणी मुक्तिसदनात राहू लागल्या. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्या तिथे शिकल्या. दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नाला या मुलखात कोणी विटामातीत उत्तर दिले असेल तर ते रमाबाईंनी. त्यांच्या धर्मांतराविषयी वाद झाले, अजूनही होतात. परंतु दार उघडे ठेवण्याचे मोल त्या वादाने कमी होत नाही.

तरीही आश्रयाला एक मर्यादा असते. कुंपणाच्या आत आलेली स्त्री सुरक्षित होते, पण कुंपणाबाहेरचे गाव तसेच राहते. जिच्यावर हात उठला तिने घर सोडायचे आणि ज्याने उचलला त्याने घरात राहायचे, ही विभागणी आश्रयाने बदलत नाही. रमाबाईंचा हा दोष नव्हे. त्या काळात पुरुषाशी बोलायला जाणाऱ्या स्त्रीला काय ऐकून घ्यावे लागे, हे ताराबाईंच्या पुस्तकाच्या नशिबावरून दिसतेच.

या काळात बायका मात्र गप्प नव्हत्या. त्या जात्यावर बोलत होत्या. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत शिरूर तालुक्यातील सविंदण्यासारख्या गावांतील स्त्रियांचाही आवाज आहे. सासर, सासू, व्यसनी नवरा, माहेरची आस हे सारे त्या संकलनात येते. साहित्याच्या अभ्यासकाने इथे थांबून विचारावे असे आहे : सोसणाऱ्यांचा एवढा मोठा मौखिक दस्तऐवज आपल्याकडे असताना मारणाऱ्यांचा दस्तऐवज कोठे आहे? पुरुषाने आपल्या हातून घडलेल्या मारहाणीविषयी मराठीत किती लिहिले? आणि स्त्रियांनी लिहिले तेही सहज लिहिले असे नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'चे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. समाजातील स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीविषयी त्या पुस्तकात निर्भीडपणे लिहितात. स्वतः सोसलेल्या माराविषयी मात्र त्या बोलल्या त्या पुढे, एका मुलाखतीत. इतक्या धीट पुस्तकातही ही एक जागा कोरी राहावी, यावरून म्हणीच्या ताकदीची कल्पना यावी.

दुसरे उत्तर, म्हणजे कायद्याचे, एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आकाराला येऊ लागले. मथुरा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभरातील स्त्री-संघटना ढवळून निघाल्या. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा हिचा मृत्यू झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये पतीची निर्दोष मुक्तता झाली. परंतु न्यायालयाबाहेर एक वेगळीच गोष्ट घडली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगावी नेले. शीर्षकातील 'मी एक' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका आपलीही हकीकत सांगू लागल्या. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकरलिखित 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आले. त्याच वर्षी भारतीय दंडविधानात ४९८ अ हे कलम दाखल झाले. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि ४९८ अ मधील तरतूद आता तिच्या ८५ व ८६ या कलमांत आहे.

या काळात भाषाही बदलली. 'टाकलेली' ही 'परित्यक्ता' झाली. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरली, आणि पुढे 'एकल महिला' हा शब्द आला. 'घरचा मामला' या जागी 'कौटुंबिक हिंसाचार' आला. पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या स्त्रीच्या हाती निदान एक शब्द आला, आणि शब्दाशिवाय तक्रार लिहिता येत नाही. म्हणीला मिळालेले हे उत्तर लहान नाही. परंतु कायदा येतो तो हात उठल्यानंतर. शिवाय खेड्यात कायद्याच्या आधी तडजोड येते. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने अनेक बांधावरचे वाद मिटवले हे खरे. पण नवऱ्याचा मार हा 'तंटा' मानला, की दोन बाजू समान धरल्या जातात आणि मिटवणे हेच यश ठरते.

तिसऱ्या उत्तराची सुरुवात झाली ती एका भीषण घटनेनंतरच्या अस्वस्थतेत. १९९० मध्ये उल्हासनगरच्या एका परीक्षा केंद्रात एका शाळकरी मुलीला दिवसाढवळ्या जाळण्यात आले. १९९८ मध्ये सांगलीत भर रस्त्यात एका महाविद्यालयीन तरुणीची हत्या झाली. अशा बातम्यांसाठी मराठी वृत्तपत्रांनी एक शब्दप्रयोग रूढ केला आहे : 'एकतर्फी प्रेमातून'. या शब्दप्रयोगाकडे आपण भाषेचे अध्यापक म्हणून पुरेसे पाहिलेले नाही. म्हणीने माराला पाऊस म्हटले, वृत्तपत्राने खुनाला प्रेम म्हटले. दोन्हीकडे काम एकच होते : कर्त्याला आडोसा देणे.

१९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने एका इंग्रजी दैनिकात छोटीशी जाहिरात दिली. बायकांना मारणे थांबले पाहिजे असे ज्यांना वाटते, अशा पुरुषांना ते आवाहन होते. २०५ जणांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी हे तिचे एक संस्थापक. तिने सुरू केलेला 'पुरुष स्पंदनं' हा वार्षिक अंक साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावा असा आहे. पुरुषांनी पुरुषपणाविषयी लिहिलेले, अनेकदा कबुलीजबाबाच्या वळणाने गेलेले हे लेखन म्हणजे मघाशी आम्ही ज्या हरवलेल्या दस्तऐवजाविषयी विचारले, त्याची एक सुरुवात आहे. २००६ मध्ये संघटनेने पुणे जिल्ह्यातील महाविद्यालयीन तरुणांपासून 'युवा मैत्री' हा उपक्रम सुरू केला. निवासी शिबिरे, गटचर्चा, पथनाट्ये, भित्तिपत्रके आणि नंतर त्याच तरुणांनी धाकट्यांचे मार्गदर्शक होणे, असे त्याचे स्वरूप होते. पुढे तो राज्याच्या इतर जिल्ह्यांत पसरला. पुण्यात नारी समता मंचानेही २००८ मध्ये पुरुषांसाठी संवाद केंद्र उघडले. स्त्रियांना आश्रय व सल्ला देता देता विद्या बाळ यांच्या पिढीला हे उमगले होते, की दाराशी आलेल्या स्त्रीचे दुखणे जिथे सुरू होते ती व्यक्ती दारापर्यंत येतच नाही.

याच सुमारास मुंबईच्या वस्त्यांत 'यारी-दोस्ती' हा कार्यक्रम राबवला गेला. त्याचे मूळ ब्राझीलमधले होते. कोरो या संस्थेने आणि संशोधकांनी त्याला इथल्या बोलीत आणले. तरुणांनी एकत्र बसायचे, फळ्यावर दोन रकाने आखायचे, 'बाईने कसे असावे' आणि 'पुरुषाने कसे असावे'. मग प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारायचे : हे निसर्गाने ठरवले की आपण? अशा सत्रांत काय चालते ते वाचताना आम्हांला पुन्हा पुन्हा ताराबाई आठवतात. रकाने, तुलना, आणि प्रश्न पुरुषाला. साओ पाउलो आणि रिओ येथून फिरून जी रीत आपल्याकडे आली, ती १८८२ मध्ये बुलढाण्यात मराठीत लिहून झाली होती. आपण वाचली नाही, एवढेच.

अशा बोलण्याने खरोखर काही बदलते का? प्रश्न रास्त आहे. २०१२ च्या सुमारास ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,०८१ तरुण जोडप्यांसह एक अभ्यास झाला. काही गावांत पुरुष आरोग्यसेवकांनी तरुण नवऱ्यांशी पाळणा लांबवणे, पत्नीची संमती आणि परस्पर आदर यांविषयी मोजक्या बैठकांत बोलायचे, काही गावांत नाही. दीड वर्षाने पाहिले तेव्हा, जिथे बोलणे झाले तिथल्या पत्नींनी लैंगिक बळजबरीच्या घटना कमी सांगितल्या आणि तिथल्या नवऱ्यांत अशी बळजबरी योग्य मानणाऱ्यांचे प्रमाणही कमी आढळले. या कार्यक्रमाची सुधारित आवृत्ती पुढे शिरूरपासून फार दूर नसलेल्या जुन्नर तालुक्यात सुमारे १,२०० जोडप्यांसह राबवली गेली. पुण्याच्या वस्त्यांत नवविवाहितांसाठी 'घ्या भरारी एकत्र' हा प्रयोगही झाला. म्हणजे बोलण्याने काहीच होत नाही, असे म्हणता येत नाही.

पण अंतर किती कापायचे आहे, तेही आकडे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुषांनी, विचारलेल्या सात कारणांपैकी किमान एकासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरते, असे सांगितले. न सांगता घराबाहेर जाणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे, सासरच्यांचा मान न ठेवणे ही त्यांतली काही कारणे. स्त्रिया आणि पुरुष यांच्या आकड्यांत फरक जवळजवळ नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हण पुरुषांनी एकट्यांनी सांभाळलेली नाही. ती आईने लेकीला दिलेली आहे. म्हणूनच हे काम एकट्या मुलाला शिबिरात बसवून भागणारे नाही. सासू, बाप, मित्रांची टोळी, तालीम, गणेश मंडळ, क्रिकेटचे सामने या सगळ्यांत त्याला परत जायचे असते, आणि तिथे 'बायकोच्या मुठीतला' हा शब्द त्याची वाट पाहत असतो.

शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत या कामाची निकड का, हेही इथे सांगायला हवे. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ येथील कारखान्यांनी या भागातल्या विशीतल्या मुलांच्या हाती मजुरी आणि मोटारसायकल दिली. मुली एसटीने महाविद्यालयात येऊ लागल्या, हातात मोबाइल आला, लग्नाआधीच्या ओळखी वाढल्या. ओळख नवी, पण त्या ओळखीतली मालकीची भाषा जुनी : 'माझी आहे, दुसऱ्याशी बोलायचे नाही.' फोन तपासणे, पासवर्ड मागणे, बसथांब्यावर पाळत ठेवणे याला मुले आणि पुष्कळदा मुलीही काळजी म्हणतात. मार पुढे येतो. त्याची तालीम इथे होते. या तालमीला ना आश्रय पुरतो, ना कायदा. तिला संवादच लागतो, आणि तो लग्नाआधी लागतो.

या साऱ्यात आम्ही कोठे होतो? काही वर्षांपूर्वी दौंडकडची एक विद्यार्थिनी एम.ए.च्या पहिल्या वर्षात असतानाच लग्न होऊन गेली. परीक्षेला आली तेव्हा कानाजवळ काळीनिळी खूण होती. आम्ही पाहिली. तिनेही आम्ही पाहिल्याचे पाहिले. आम्ही तिला म्हणालो, परीक्षेवर लक्ष दे, बाकीचे हळूहळू जुळेल. 'जुळेल' हा शब्द आम्ही वापरला, हे आज लिहितानाही जड जाते. दुसऱ्या वर्षाला ती आलीच नाही. तिचा नवरा आमचाच विद्यार्थी होता, बी.ए.चा. 'स्त्रीपुरुष तुलना'वर त्याने लिहिलेले उत्तर आम्हीच तपासले होते आणि त्याला चांगले गुण दिले होते.

त्या उत्तरात चूक काही नव्हती. सामाजिक पार्श्वभूमी, भाषाशैली, उपरोध, समारोप सारे जागच्या जागी होते. शिबिरानंतर भरून घेतलेल्या प्रश्नावलीविषयी संशोधकांना जी धास्ती असते, ती आम्हां अध्यापकांना कळण्यासारखी आहे : योग्य उत्तर लिहिता येणे आणि ते उत्तर घरी नेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताराबाईंचा प्रश्न पुरुषांना होता; आम्ही तो पाच गुणांचा केला. वर्गातल्या मुलाला त्यातून सूट दिली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील सौंदाळा या गावाने ग्रामसभेत ठराव करून आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्यास ५०० रुपये दंड ठरवला. अशा ठरावांनी लगेच वर्तन बदलते असा भाबडा समज आमचा नाही. परंतु एका गावाने आपल्या भाषेची जबाबदारी घेतली, भाषा ही हवामानासारखी आपोआप येत नाही असे मान्य केले, याचे महत्त्व आम्हांला वाटते. साहित्याच्या वर्गाने निदान तेवढे तरी करावे.

म्हणी गोळा करण्याचा गृहपाठ आम्ही अजूनही देतो. आता त्यात एक भर घातली आहे. ही म्हण वहीत आली, की वर्गातल्या मुलांपैकी एकाने उभे राहून तिचे वाक्य बदलायचे : पाऊस काढून टाकायचा, आणि मारणाऱ्याला प्रश्न विचारायचा. गेल्या वेळी शिरूरकडचा एक मुलगा बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "सर, पाऊस काढला की म्हण राहत नाही, तक्रार होते." वर्ग हसला. आम्ही त्याला बसायला सांगितले नाही. तक्रार कोणाची, कोणाविरुद्ध, तेही सांग, असे म्हणालो.